सुरुवात मानेपासून

बाई,

तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला कधी बाई म्हटलं नाही. नावानेच हाक मारायची असा तुमचा हुकूम होता. पुण्याहून नुकत्याच आलेल्या मुलीला सत्तरीच्या बाईला एकेरी नावाने हाक मारताना काय होतं, हे ओहायोत जन्मलेल्या माणसाला कळायचं काही कारण नव्हतं. मग मी पहिले काही महिने तुम्हाला हाकच मारली नाही. गॅरेजच्या दारात उभी राहायचे आणि तुम्ही वळून बघेपर्यंत खोकायचे. शेवटी तुम्हीच विचारलंत, 'तुला दमा आहे का गं?' आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हुकूम मोडला तरी चालेल. आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईला बाईच म्हणतात, आणि तुम्ही मला शिकवलंत, मी शिकायला आलेली नसतानाही.

सध्या मी एक डोकं करतेय. मातीचं, खऱ्या मापाचं, तुमच्यासारखंच तारेच्या सांगाड्यावर. तुमच्या गॅरेजमधून निघाल्यानंतर पहिल्यांदाच. ते माझ्या बाबांचं आहे. बाबा या मे महिन्यात पुण्यात गेले आणि मी इथे सिडनीत, टूनगॅबीत होते. तुम्ही म्हणाल, मग विमानात का नाही बसलीस. बाई, विमानं नव्हती. एक रोग आलाय, श्वासातून पसरणारा, आणि या देशाने दारं लावून घेतली आहेत. गेलेल्याला परत येता येईल याची खात्री नाही, आणि मध्यंतरी तर भारतातून परत येणाऱ्या आपल्याच नागरिकांना तुरुंगाची भीती घातली होती. आमच्या भागात घरातून निघायचं तर मास्क लावून, पाच किलोमीटरच्या आत, तेही किराण्याला नाहीतर व्यायामाला. डोक्यावरून पोलिसांचं हेलिकॉप्टर फिरतं. पेंडल हिल स्टेशनजवळच्या इंडियन दुकानाबाहेर पिठासाठी रांग लागते आणि कुणी कुठे उभं राहायचं त्याची जमिनीवर वर्तुळं चिकटवली आहेत. यातलं बरंचसं तुम्हाला आवडलं असतं. विशेषतः कुणी दारावर येऊन बेल वाजवत नाही, हे.

बाबांना हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा आईलाही ताप होता. तिला बरोबर जाऊ दिलं नाही. ती गॅलरीत उभी राहिली. बाबा स्वतःच्या पायांनी जिना उतरले, चपला घालून, हातात कापडी पिशवी घेऊन फाटकापर्यंत चालत गेले आणि ॲम्ब्युलन्समध्ये चढले. वर बघितलं नाही. त्यानंतर आईला ते दिसलेच नाहीत. पुढचं सगळं तिथल्या लोकांनी परस्पर उरकलं. आई फोनवर रडत नाही. भाजी काय केली ते सांगते, शेजारच्यांचं सांगते, आणि मधेच म्हणते, 'चेहरा तेवढा बघायला मिळाला नाही गं. पाठच दिसली.' दर वेळी म्हणते. तुमच्या देशात हे कितपत लागतं मला माहीत नाही, पण आमच्याकडे माणूस गेलं की रात्रभर प्रवास करून लोक येतात ते एवढ्यासाठीच. चेहरा बघायला मिळाला की नाही, हे पुढे वर्षानुवर्षं विचारलं जातं. एका रविवारी मला ते ऐकवेना आणि मी बोलून गेले, 'मी करते बाबांचा चेहरा. मातीचा.' आईने विचारलं, 'येतं तुला?' आणि मी तुमच्या जिवावर हो म्हणाले.

तुमच्या मागच्या अंगणातली ती छोटीशी ग्रॅनी फ्लॅट आम्ही भाड्याने घेतली तेव्हा आमचं लग्न नवीन होतं. नवरा सकाळी ट्रेनने सिटीत ऑफिसला जायचा आणि मी घरात बसून नोकरीचे अर्ज पाठवायचे. स्वयंपाकाच्या ओट्यासमोर खिडकी होती आणि खिडकीसमोर तुमचं गॅरेज. तुमच्याकडे गाडी नव्हती, माती होती. एके दिवशी मी कणीक मळतेय आणि वर बघते तो काचेला नाक लावून तुम्ही. घाबरून माझ्या हातातली परात पडायची राहिली. तुम्ही सरळ आत आलात, विचारणं वगैरे नाहीच.

'हे तुला कुणी शिकवलं?'

'काय?'

'हेच. तळव्याने रेटतेस, घडी घालतेस, फिरवतेस.'

'कणीक आहे ती. पोळ्या करायच्यात.'

तुम्ही गोळ्यातला तुकडा तोडलात, चिमटीत दाबून बघितलात आणि म्हणालात, 'हवा नाही राहिली हिच्यात. चल.' मला इतका राग आला होता, बाई. इंजिनिअरिंग फर्स्ट क्लासने पास झालेली मी, या देशात आल्यापासून कुणी माझ्या अर्जाला उत्तर देत नव्हतं, आणि शेवटी दखल घेतली गेली ती माझ्या कणकेची. पण दुपारभर करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून आले. तुम्ही माझ्यासमोर मातीचा ढिगारा टाकलात. आधी फक्त मळायचं काम, आतली हवा निघेपर्यंत. माझे हात दुखत होते आणि तुम्ही एकदाही शाब्बास म्हणाला नाहीत. संध्याकाळी मात्र तुम्ही आमच्या दाराशी येऊन उभ्या राहिलात आणि पोळी मागितलीत. तूप लावून दिलेली पोळी तुम्ही उभ्याउभ्या, मातीच्या हातांनी खाल्लीत.

गॅरेजच्या फळ्यांवर तुमची डोकी होती. बसचा ड्रायव्हर, शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई, मासे तळणारा ग्रीक म्हातारा, पोस्टमन. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांना शिक्षा झाली आहे की काय. मग तुम्ही सांगितलंत. तुमचे वडील न्हावी होते, हे तुम्ही किती अभिमानाने सांगायचात! गावातल्या मोठ्या रस्त्यावर दुकान होतं. शाळा सुटली की तुम्ही दुकानात मागच्या बाकावर बसून अभ्यास करायचात आणि मान वर केली की समोर लोकांच्या माना. पाद्र्याची मान, कसायाची मान, तुमच्या गणिताच्या मास्तरांची मान. 'आरसा समोर आला की माणूस तोंड नीट करून घेतो,' तुम्ही म्हणायचात, 'मानेला मात्र कुणी सांगायला जात नाही, की तुझ्याकडे बघतायत.' म्हणून तुमचं प्रत्येक काम पाठीकडून सुरू व्हायचं. मान, खांदे, कानांच्या मागची बाजू. चेहरा अगदी शेवटी, आणि तोही जणू नाइलाजाने.

बाकीचं तुमचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, कारण तुम्ही बोलायचात ते हात चालू असताना, आणि हात अडला की गोष्टही अडायची. न्यूयॉर्कला शिष्यवृत्तीवर गेलात. ब्राँझ ओतण्याच्या कारखान्यात काम मागितलंत तर त्यांनी हातात झाडू दिला. झाडता झाडता तुम्ही सगळं बघून घेतलंत, साचा कुठे फाटतो, धातू कुठे थंड पडतो, आणि एक दिवस कुणी आजारी पडला तेव्हा झाडू भिंतीला टेकवून त्याच्या जागी उभ्या राहिलात. तिथेच एक ऑस्ट्रेलियन भेटला. त्याच्याबरोबर बोटीने सिडनीला आलात. तो लग्नानंतरही तुमच्या कामाला छंद म्हणत राहिला. मग तो पर्थला गेला आणि तुम्ही गॅरेज ठेवलंत. हे तुम्ही इतकं सपाट आवाजात सांगितलंत की पुढे काही विचारायची माझी हिंमत झाली नाही. अमेरिकेतले लोक तुम्हाला विसरले आणि इथले शेवटपर्यंत 'ती अमेरिकन' म्हणत राहिले. एकदा सिटीतल्या गॅलरीतून कुणी बाई आली होती. तिने फळीवरची डोकी बघितली आणि विचारलं, 'यातलं कुणी प्रसिद्ध आहे का?' तुम्ही म्हणालात, 'पोस्टमन. या गल्लीत सगळे ओळखतात.' ती परत आली नाही. आपण दोघी मात्र संध्याकाळपर्यंत हसत होतो.

तुमच्या पद्धतीवर माझा विश्वास बसला नव्हता. मला वाटायचं, हा म्हातारपणीचा हट्ट आहे. म्हणून मी पहिलं डोकं केलं ते नवऱ्याचं, आणि तुमची पाठ फिरल्यावर थेट नाकापासून सुरुवात केली. चांगलं झालं होतं हो! डोळे, मिशी, हनुवटीवरची खळी, सगळं जिथल्या तिथे. मी तुम्हाला खोकून बोलावलं. तुम्ही आलात, फिरतं स्टँड सावकाश एक पूर्ण फेरी फिरवलंत, माती कापायची तार घेतलीत आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा एका झटक्यात उतरवून मातीच्या बादलीत टाकलात. 'हा पासपोर्टचा फोटो आहे,' म्हणालात. 'तू याच्याशी लग्न केलंयस ना? मग याला कधी बघितलं नाहीस का?' मी निघून आले आणि पुढचा आठवडाभर स्वयंपाक करताना भांडी इतकी आपटली की तुम्हाला गॅरेजमध्ये ऐकू गेली पाहिजेत. गेली नाहीत. तुम्ही कानात कापूस घालून बसला होतात, हे तुम्हीच नंतर सांगितलंत.

मग एका शनिवारी तुम्ही मला चालत त्या लायब्ररीच्या अंगणात घेऊन गेलात. तुमचं एवढं एकच काम भर रस्त्यावर उभं आहे. माल्टाहून आलेली, भाजीचे मळे करणारी तुमची जुनी शेजारीण. ब्राँझची, ॲप्रन बांधलेली, एक हात कमरेवर ठेवून लांब कुठेतरी बघणारी. तिच्यावर तुम्ही दोन वर्षं काम केलं होतंत, त्यातला बराचसा वेळ पाठीवर. आणि ज्यांनी ती विकत घेतली त्यांनी ती नेऊन विटांच्या भिंतीला जवळजवळ चिकटवून बसवली, मुलांनी मागून चढू नये म्हणून. उद्घाटनाला तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात आणि चहा न पिता घरी आलात. त्या दिवसापासून तिची पाठ कुणाला दिसलेली नाही. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि भिंतीच्या आणि तिच्या मधल्या फटीत माझा हात घातलात. 'डोळे मीट,' म्हणालात. ॲप्रनची गाठ हाताला लागली, एक बंद लांब, एक आखूड. वर पाठीची पन्हळ. त्याच्यावर मान, आणि अंबाड्यातून सुटलेली एक बट. केसांच्या कडेखाली एक गोल खळगा होता, बोटाएवढा. 'सापडला?' तुम्ही विचारलंत. 'तो माझा अंगठा. पुसायचा राहिला नाहीये, ठेवलाय.' घरी येऊन मी नवऱ्याला खुर्चीवर उलटं बसवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

त्यानंतर आम्ही डार्विनला गेलो. नवऱ्याला तिथे गॅस प्रोजेक्टवर काम मिळालं आणि मलाही अखेर कॉम्प्युटरची नोकरी लागली, माती सुटली. निघताना तुम्ही मला तुमच्या वडिलांचा ब्रश दिलात. केस कापून झाल्यावर गिऱ्हाइकाच्या मानेवरचे बारीक केस झाडायचा तो मऊ ब्रश, लाकडी मुठीचा. तुम्ही त्याने मातीच्या मानेवरचा चुरा झाडायचात. 'ॲक्च्युअली हा कुठल्याच दुकानात मिळत नाही,' एवढंच म्हणालात, आणि मला मिठी मारायच्या ऐवजी माझ्या मानेवरून तो एकदा फिरवलात. गुदगुल्या झाल्या आणि रडूही आलं. डार्विनच्या पावसाळी दमट हवेत त्याच्या मुठीला बुरशी यायची, मी ती पुसत राहायचे. तिथेच तुम्ही गेल्याचा तुमच्या गल्लीतल्या एकीचा फोन आला. पुढे आम्ही परत या भागात राहायला आलो. आता ब्रश मुलीच्या टेबलावर सापडला. ती त्याने लॅपटॉपच्या कीबोर्डवरची धूळ झाडते. 'वॉट? इट्स अ रिअली गुड ब्रश, आई.' खरंच आहे म्हणा.

तर आईला शब्द दिला आणि मी माती मागवली. कुरिअरवाला पिशवी दारात ठेवून फाटकापर्यंत पळाला. आता तुमचं गॅरेज नाही, आमच्या स्वयंपाकघराचा ओटा आहे, आणि तुम्हीच शिकवल्याप्रमाणे मी माती आपटून आपटून मळायला लागले तशी बेडरूममधून नवऱ्याची हाक आली. 'अगं, माझी स्टँड-अप मीटिंग चालू आहे! मॅनेजर विचारतोय, इज दॅट कन्स्ट्रक्शन, मेट?' मी म्हटलं, 'सांग त्याला, सासऱ्यांचं काम चालू आहे.' थोड्या वेळाने तो बाहेर आला, त्याने ओट्यावर जाड टॉवेल घडी घालून ठेवला आणि परत आत गेला. तेव्हापासून तोही या कामात आहे.

आईला चेहरा हवा होता, म्हणून तुमची शिकवण मी बाजूला ठेवली आणि चेहऱ्यापासून सुरुवात केली. समोर फोटो मांडले. पण बाई, गेल्या दोन वर्षांत मी बाबांना बघितलं ते फोनवर. त्यांना फोन धरता यायचा नाही. मला त्यांच्या नाकपुड्या दिसायच्या आणि वर फिरणारा पंखा. 'बाबा, फोन वर घ्या,' म्हटलं की कपाळ दिसायचं आणि भिंतीवरचं कॅलेंडर. आमच्या शेवटच्या बोलण्यात मी बाबांपेक्षा त्या पंख्याकडेच जास्त बघितलं असेल. माती लावत गेले, काढत गेले. चष्मा, टक्कल, गालफडं. एका संध्याकाळी मुलगी होमवर्क सोडून बघायला आली. बराच वेळ बघितलं तिने.

'नो ऑफेन्स, आई. आजोबांसारखे नाही वाटत. ही लुक्स लाइक दॅट गाय ऑन द मनी.'

'कुठल्या मनीवर?'

'इंडियन मनी.'

मी स्टँड फिरवलं. खरंच, नोटेवर छापल्यासारखेच दिसत होते. मी बाबांनाही पासपोर्टच्या फोटोला बसवलं होतं. तारेने मी स्वतःच्या हाताने तो चेहरा उतरवला आणि बादलीत टाकला. मुलगी 'ओ माय गॉड' म्हणून मागे सरकली. मला वाटलं होतं फार रडू येईल, पण आला तो संताप, बाबांवर. एकदा वर बघितलं असतं तर काय झालं असतं?

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या नावाखाली मुलीला घेऊन मी लायब्ररीपर्यंत चालत गेले. आमच्या पाच किलोमीटरच्या आत ती येते, हे या सगळ्या दिवसांतलं आमचं नशीब. लायब्ररी बंद, बाकांभोवती पिवळी पट्टी. तुमची ब्राँझची शेजारीण होती तिथेच होती, पण कुणीतरी तिच्या तोंडावर निळा मास्क अडकवला होता. तुम्ही खूश झाला असतात. मी फटीत हात घातला.

'आई! यू कान्ट टच स्टफ!'

'पाच मिनिटं थांब.'

गाठ होती. पन्हळ होती. सुटलेली बट होती, त्यावर एक कोळ्याचं जाळं. आणि खाली तुमचा अंगठा. माझा अंगठा त्यात ठेवला तर तो अजून तुमच्याहून लहानच भरला. गेल्या कित्येक महिन्यांत घरच्या दोघांशिवाय मी कुणाला हात लावला नव्हता, बाई, आणि तिथे भिंतीला गाल टेकवून, मास्कमध्ये, मला हुंदका आला. पोलिसांची गाडी केव्हा थांबली कळलं नाही. एक तरुण पोरगी उतरली, लांब उभी राहिली. 'यू राइट देअर, लव्ह?' माझ्या मुलीने उत्तर दिलं, 'शी न्यू द आर्टिस्ट.' पोलीस पोरीने पुतळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. 'राइटो. जस्ट सॅनिटाइझ आफ्टर, येस?' आणि गेली. वाटेत मुलीने विचारलं, 'मागे काय आहे तिच्या?' मी तिचं मनगट धरून परत घेऊन गेले आणि तिचाही हात आत घातला. सॅनिटायझर नंतर दोघींनी लावलं.

घरी येऊन सुरुवात केली ती मानेपासून, आणि मला तुम्हाला हे सांगायचंय की एकदाही अडले नाही. फोटो सगळे उलटे करून ठेवले. कारण बाबांची मान मला जितकी माहीत आहे तितकं माझं स्वतःचं तोंड माहीत नाही. पाचवीपासून कॉलेजपर्यंत मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून फिरले. आणि आम्ही पुणेकर असल्यामुळे हेल्मेटचा प्रश्नच नव्हता. शाळा, क्लास, आजोळ, दवाखाना, माझ्या नाकासमोर कायम ती मान. न्हाव्याने सरळ कापलेली केसांची रेघ. आंघोळीनंतर लावलेली पावडर, दोन आडव्या सुरकुत्यांमध्ये साठलेली. डाव्या कानामागे गळवाचा जुना व्रण. सकाळच्या उन्हात लाल दिसणारी कानाची पाळी. पुढे खड्डा आला की मान आधी आखडायची, मग स्कूटर हलायची, त्यामुळे मला खड्डा त्यांच्या मानेवरून कळायचा. आणि डोकं नेहमी किंचित उजवीकडे कललेलं, आरशात मी आहे ना हे बघायला. महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ते घरी सांगत नसत, स्कूटरवरच सांगत, मागे न वळता. इथे यायचं ठरत होतं आणि घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं, तेव्हा नळ स्टॉपच्या सिग्नलला आम्ही थांबलोय, आणि ते म्हणतायत, 'जायचं असेल तर जा. आईला मी बघतो.' सिग्नल सुटला. मी त्यांच्या शर्टाला धरून बसले. तेव्हा त्यांचा चेहरा कसा होता, मला माहीत नाही. मान ताठ होती.

मान झाली, खांदे झाले, कान झाले. व्रण केला. डोकं उजवीकडे कललं ते मी कलवलं नाही, मातीच तशी गेली. चुरा तुमच्या ब्रशने झाडला. पुढच्या बाजूला मात्र तारेने कापलेली सपाट माती तशीच होती. मग रविवार आला आणि आईचा फोन. मी ठरवलं होतं की खरं काय ते सांगायचं, पाठ झाली आहे, चेहऱ्याला वेळ लागेल. मुलीने फोन धरला आणि कॅमेरा डोक्याकडे केला.

आई स्क्रीनवर हलेना. मला वाटलं नेट गेलं.

'दिसतंय का गं?'

'जरा जवळ घे,' आई म्हणाली. मुलीने फोन जवळ नेला. 'व्रणसुद्धा केलास? तिथे मी पोटीस बांधायचे. हे ओरडायचे किती.' आई गॅलरीत बसली होती, मागे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. 'असेच गेले गं,' ती म्हणाली. 'हीच मान. अशीच कललेली. मला वाटलं होतं, फाटकाशी वर बघतील. ते आरशात बघत असतील कुठल्यातरी.' आणि मग आई रडली. मे महिन्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने, पदर तोंडाला न लावता.

माझ्या मुलीला काय करावं कळेना. आजीला बरं वाटावं म्हणून तिने स्टँडला हात घातला, फिरवायला.

'नको!' आई म्हणाली. 'फिरवू नकोस. समोरून नको आत्ता, मला झेपायचं नाही.' तिने डोळे पुसले. 'तू केलायस ना चेहरा? मग झालं. तेव्हाही होताच की, मला दिसला नाही एवढंच.'

मुलीचा हात स्टँडवरून खाली आला. तिने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं. फोन तिने हलू दिला नाही.

तेव्हापासून आई 'पाठच दिसली' म्हणत नाही. दर रविवारी बाबांना बघते, पाठीमागून, आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलते, औषधाच्या डब्याबद्दल, सोसायटीच्या मीटिंगबद्दल. मी माती वाळू देत नाही. संध्याकाळी पाणी शिंपडते, ओलं फडकं टाकते, सकाळी काढते. तुमच्या पत्त्यावर आता डुप्लेक्स उभी आहे, गॅरेज पाडलं, त्यामुळे हे पत्र कुठे टाकायचा प्रश्न नाही. लिहायचं कारण वेगळंच आहे, आणि ते या घरात कुणाला सांगता येत नाही. परवा आईने विचारलं, 'नाक जमलं का गं? त्यांचं नाक अवघड होतं.' मी म्हणाले, 'जमलं.' तिने विचारलं, 'आणि कसे दिसतायत? चिडलेले नाहीत ना?' मी स्टँडच्या पलीकडे गेले, त्या सपाट मातीसमोर उभी राहिले, तिच्याकडे नीट बघितलं आणि आईला सांगितलं, 'नाही गं आई. हसतायत.'